कळलं नाही, साहेब

हे आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच — तिला कुठल्या तोंडाने सांगू? आता ओझं वाहून दमलेय, म्हणून तुम्हाला सांगते.

नव्वद सालाच्या आगेमागे साक्री तालुक्यातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवायची. पोरं गाइडातलं घोकून जसंच्या तसं लिहायची, आम्ही मार्क वाटायचो. मला वीट आला होता. मग मीच हेडमास्तरांच्या — त्यांना सगळे नाना म्हणायचे — मागे लागले. पाचवी ते दहावी, सगळ्या शाळेत, प्रत्येक विषयाची तोंडी परीक्षा घ्यायची. पोराला कळलंय का, एवढंच बघायचं. चुकलं तर शिकवून पुन्हा विचारायचं. आणि उत्तर अहिराणीत, पोरांच्या घरच्या बोलीत, दिलं तरी पूर्ण मार्क. या शेवटच्या नियमावरून स्टाफरूममध्ये केवढा गदारोळ झाला! मी हटले नाही, भांडून मिळवलं. केवढी मिजास होती तेव्हा मला.

सातवीत मंगल होती, पिंपळनेरच्या पुढच्या खेड्यातली. लेखीत कायम काठावर. तोंडीत मात्र पोरगी अशी खुलायची की काय सांगू.

एकदा जिल्ह्याहून साहेब तपासणीला आले. तोंडी परीक्षा कशी घेता, दाखवा म्हणाले, आणि वर्गातच खुर्ची टाकून बसले. मी मुद्दाम मंगललाच उठवलं. बी रुजतं कसं, विचारलं. ती माझ्याकडे बघून हसली — माझ्याच भरवशावर ना? — आणि म्हणाली, "पानी लागनं का पहिले मूळ खाले जास, मंग कोंब वर येस."

अगदी बरोबर. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "काय म्हणाली ही, बाई?"

आता ऐका. मी सोनगीरची. आमच्या घरात बठ्ठं, सगळं बोलणं अहिराणीत. धुळ्याला शिकायला गेले तेव्हा वर्गातल्या पोरी हसायच्या, तेव्हापासून ती बोली मी घरापुरतीच ठेवली. अर्थ सांगितला असता तर साहेबांनाही कळलं असतं, ही बाई यांच्यातलीच — एवढीच भीती. दुसरं काय होतं?

"कळलं नाही, साहेब," मी म्हणाले. वर मंगललाच दटावलं, नीट बोल म्हणून.

ती खाली बसली. साहेब गेल्यावर नानांनी तो अहिराणीचा नियम काढून टाकायचं ठरवलं. मला विचारलं — मी मान डोलावली. त्या रविवारी सोनगीरला गेले, आणि आईशी त्याच बोलीत गप्पा मारत जेवले. घास घशाखाली उतरला कसा? उतरला, हे खरं. याची लाज अजून जात नाही.

वार्षिक तोंडीला मंगल आली. मी तोच प्रश्न विचारला. तिने भिंतीकडे बघत गाइडातलं उत्तर एका दमात म्हणून टाकलं, शब्दही न चुकता. त्यातलं तिला काय कळलं, ते मी विचारलं नाही. पैकीच्या पैकी मार्क दिले.