सरक, सुन्या

सुनीलच्या तेराव्याला मामींनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "तुझ्याशीच बोलायचा तो सगळं. काही सांगून गेला का?" मी नाही म्हणून मान हलवली. तेव्हा सांगता आलं असतं. त्यानंतरही कुणाला सांगितलं नाही — बायकोला नाही, मित्रांना नाही. आज तुम्हाला सांगतोय, कारण लिहिताना समोर चेहरा नसतो. एवढीच माझी हिंमत.

सुनील माझा मामेभाऊ, धावडा गावचा. माझ्याहून चार वर्षांनी लहान. मी भोकरदनला एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे; वाचलेलं सांगणारा म्हणून घरात मला थोडा मान आहे. तो शब्द लक्षात ठेवा — वाचलेलं.

सुनीलची नजर कडांकडून आत आत मिटत चालली होती. नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं दिसायचं. डॉक्टरांनी आणखी एक सांगून ठेवलं होतं — या आजारात काहींचे कानही जातात. त्याचे कान मात्र तेव्हा उत्तम होते. फाट्यावर वळणारी एसटी तो घरात बसून ओळखायचा. "दादा, डोळे जाऊ दे," म्हणायचा, "कान हायेत तोवर मी कुठंबी जातो." आणि जायचाही. एकटा, काठी न घेता.

आम्ही दहा जण दर रविवारी दुपारी इंटरनेटवर एक खेळ खेळायचो. सगळ्यांनी मिळून एका अवाढव्य राक्षसाला पाडायचं. कुणी मारायचं, कुणी मार झेलायचा. सुनील आणि मी जखमी गड्यांना बरं करायचो. राक्षसाचा मोठा घाव येण्याआधी जमिनीवर लाल वर्तुळ उमटतं. दोन सेकंदांत त्यातून सरकायचं, नाहीतर मेलात. ते वर्तुळ सुनीलला दिसणार कसं?

मी अ‍ॅड-ऑन शोधले. खेळाच्या पडद्यावर बसवायच्या या छोट्या जोडण्या — फोल्डर ठरल्या जागी टाकायचं, खेळ पुन्हा उघडायचा, यादीत नावापुढं खूण करायची. एकाने दहा जणांच्या जिवाच्या दहा पट्ट्या कोपऱ्यातून उचलून पडद्याच्या मधोमध आणल्या. दुसरा वर्तुळ उमटताच आवाज देऊन सावध करायचा. त्यात आपला आवाजही घालता येत होता. सुनीलने मामींनाच माइकपुढं बसवलं.

"काय म्हणू?" मामी म्हणाल्या.

"मी दारात आडवा बसलो की म्हणतीस ते म्हण."

मामींनी पदर सावरला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या — "सरक, सुन्या!"

हेडफोनमध्ये आई ओरडली की सुनील सरकायचा. एकदाही चुकला नाही. मला किती आनंद झाला होता! खरंच झाला होता. मग तो आनंद गेला कधी?

आणखी एक अ‍ॅड-ऑन सगळ्यांकडे होता, कुणी किती काम केलं ते मोजणारा. लढाई संपली की पडद्यावर उतरती यादी. सुरुवातीला मी वर, सुनील खाली. मग बरोबरीत. मग तो वर — आणि वरच. आमचा म्होरक्या मनोज, नवीन जालन्यातल्या बियाण्याच्या दुकानातला, यादी मोठ्याने वाचायचा. एका रविवारी वाचून झाल्यावर म्हणाला, "सर, आता तुम्ही सुनीलभाऊकडं शिकवणी लावा. न्हाई तर पुस्तकं मोजत बसा." सगळे हसले. सुनील हसला नाही. तो घाईने म्हणाला, "अरे, मला दादानंच तर शिकवलं." ते मला जास्त लागलं. का लागावं? ज्याला मी हात दिला त्याने मला सांभाळून घ्यावं, हे सोसलं नाही — याहून बरं उत्तर मला सापडलेलं नाही.

त्याच आठवड्यात खेळाची नवी आवृत्ती आली. अशा वेळी जुने अ‍ॅड-ऑन बंद पडतात, नवे घालावे लागतात. सुनीलचं इंटरनेट संथ, म्हणून मी दर वेळी पेनड्राइव्ह घेऊन धावड्याला जायचो. शनिवारी गेलो. सगळं नीट बसवलं. मामींनी जेवायला हाक मारली, सुनील हात धुवायला उठला. आवाजाच्या रकान्यात एक खूण होती. मी ती काढली. एक क्लिक. मग जाऊन जेवलो. मामींनी दोनदा भाकरी वाढली.

रविवारी सुनील तीनदा मेला. तो मेला की मागोमाग आम्ही सगळे.

"दादा, आईचा आवाज आला न्हाई रे."

आता इथं थांबतो. खूण काढली, ती हलकट खोडी म्हणता येईल. पुढचं म्हणता येणार नाही. मी म्हणालो, "वाजला असणार. कालच तर बसवलं. इकडं सगळ्यांचं बराबर वाजून राह्यलं."

त्याने हळू विचारलं, "तुमचं बोलणं तर येतंय. मंग आईचंच का न्हाई?"

आणि मी — वाचलेलं सांगणारा — म्हणालो, "चढे आवाज आधी जातात, असं वाचलंय मी कुठंतरी."

असं मी कुठंही वाचलेलं नव्हतं.

पुढचे चार रविवार तो आला. मग मनोजला म्हणाला, माझ्यामुळं सगळे मरता, मी थांबतो. त्याच्या जागी दुसरा गडी आला. यादीत मी पुन्हा वर गेलो.

सुनीलने एकट्याने रस्त्यावर जाणं सोडलं. मामींनी अंगणातून हाक मारली आणि त्याला पोचली नाही — पंखा चालू असेल, झोप लागली असेल, सगळ्यांनाच होतं तसं — की तो म्हणायचा, "दादा म्हणला तेच व्हतंय." एकदा त्यानेच फोन केला. "जालन्याला कानाच्या डॉक्टरकडं नेतोस का? एकदा कळू दे." मी म्हणालो, परीक्षा संपू दे. मग म्हणालो, दिवाळी होऊ दे. डॉक्टर काय सांगणार हे मला माहीत होतं. कान चांगले आहेत — हेच सांगणार होता. मग सुनील घरी येऊन ती खूण शोधणार होता.

त्याने पुन्हा विचारलं नाही. दीड वर्षाने त्याला ताप आला आणि चार दिवसांत तो गेला. तापाचा कानांशी संबंध नव्हता, माझ्याशीही नव्हता. पण ते दीड वर्ष तो घरात बसून आपले चांगले कान जाण्याची वाट बघत होता.

गेल्या महिन्यात मामींनी बोलावलं. "त्या कॉम्प्युटरचं काय करायचं ते बघ. तुलाच कळतं त्यातलं." मी त्याच्या खुर्चीत बसलो. नवी आवृत्ती कुणी घातली नव्हती, म्हणून जुनं सगळं तसंच होतं. खेळात टिपणं ठेवायची एक चौकट होती, तीही मीच बसवलेली. त्यात मोठ्या अक्षरांत एक ओळ होती — "आई ऐकू येत न्हाई. दादा सरकला की सरकायचं."

मी आवाजाचा रकाना उघडला. खुणेची जागा रिकामी होती. मी खूण केली. त्या अ‍ॅड-ऑनमध्ये खूण केली की आवाज एकदा वाजून दाखवतो. हे मी विसरलो होतो. हेडफोन लावलेला नव्हता.

"सरक, सुन्या!"

आत भांडं पडलं. मामी दारात आल्या. ओले हात, चेहरा पांढरा पडलेला. "कोण बोललं रे? माझ्यावानी कोण बोललं?"

एवढ्या काळात याहून सोपा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी पडदा बंद केला.

"कुठं काय, मामी," मी म्हणालो. "मला तर काही ऐकू आलं न्हाई."

त्यांनी कानावरून हात फिरवला. "असंल," म्हणाल्या. "माझेबी कान चालले वाटतं."