आधीचा फोटो

"एकदा हे नाक नीट झालं ना, की आडनाव कुणी विचारणार नाही."

डॉक्टर हसत हसत म्हणाले. त्यांच्या हातात निळा मार्कर होता आणि त्याचं टोक माझ्या नाकपुडीवर टेकलेलं होतं. खुर्ची मागे झुकवलेली. वर पांढरा दिवा. बाजूला त्यांच्या हाताखाली शिकणारे दोघं उभे होते, तेही हसले. माझ्याबरोबर आलेली मृणाल हसली. मग मीही हसले. नाकावर मार्कर टेकलेला असताना माणूस दुसरं काय करतो.

त्या खुर्चीत मी श्वासासाठी गेले होते. हे आधी सांगते, कारण पुढे ते कुणालाच आठवेनासं झालं.

माझे वडील खडकीला दारूगोळा कारखान्यात होते. आम्ही बौद्ध. मी क्वार्टरमध्ये वाढले, तिथूनच इंजिनीअर झाले. आता वाघोलीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. एकदा कॉलेजातून परतताना नगर रस्त्यावर खडीवरून स्कूटर घसरली आणि तोंडावर पडले. बाहेरून नाक होतं तसंच राहिलं. आतला पडदा वाकला. उजव्या बाजूने हवा जायची बंद झाली. झोपले की तोंड उघडं, घसा कोरडा. वर्गात सलग बोलले की धाप लागायची.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी टॉर्च मारून बघितलं. म्हणाले, "पडदा सरळ करायचा. बाहेरून हात लावायची गरज नाही. नंबर लागायला वेळ लागेल मात्र." मी थांबायला तयार होते.

मृणाल तयार नव्हती. ती माझ्याच विभागात शिकवते. सदाशिव पेठेत माहेर, स्वभावाने मायाळू, डब्यातलं अर्धं माझ्यापुढे सरकवणारी. म्हणाली, "चेहऱ्याचा प्रश्न आहे गं. सरकारीत काय जातेस? आमच्या ओळखीचे आहेत एक. फार मोठं नाव."

मी त्यांचं पान मोबाईलवर पाहिलं. तारेच तारे. लोकांनी हात जोडून आभार मानलेले. आधी आणि नंतरचे फोटो, एकाखाली एक. 'नंतर'मधल्या सगळ्या बाया एकमेकींच्या बहिणी वाटत होत्या, हे मला तेव्हाही दिसलं होतं. वाटलं, फोटोत तसं येत असेल. हे डॉक्टर श्वासाचं ऑपरेशन किती करतात, ते मी विचारलं नाही. मोठं नाव असलं की आपण विचारत नाही. आपल्याला आत घेतलं, याचंच आपल्याला बरं वाटतं.

पहिल्याच भेटीत ते मृणालला म्हणाले, "अहो, बसा ना. बाबा कसे आहेत?" मला म्हणाले, "तू इकडे ये, दिव्याखाली." आम्ही दोघी एका वयाच्या. एका पदावर. तिला अहो. मला तू.

मार्करने रेघा मारून, फोटो काढून झाल्यावर ते म्हणाले, "पडदा सरळ करू. आणि आत गेलोच आहोत, तर थोडं बाहेरचंही करून टाकू."

मी म्हणाले, "बाहेरचं नको, डॉक्टर."

"अगं, मी करतोय ना? तुला कळणारसुद्धा नाही."

मी परत 'नको' म्हणायला तोंड उघडलं, तर मृणालने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. ऑपरेशनच्या दिवशी नर्सने कागद पुढे केले. इथे, इथे आणि इथे. पोटात अन्न नाही, हातात सुई, बाहेर आई पदराने डोळे पुसतेय. मी सह्या केल्या.

पट्टी निघाली त्या दिवशी घरी आरशापुढे उभी राहिले. नाक चांगलं होतं. खोटं कशाला बोलू. बारीक, सरळ, शेंडा जरासा वर. जाहिरातीतल्या एखाद्या बाईला शोभलं असतं. ती बाई मी नव्हते.

आई म्हणाली, "छान दिसतंय," आणि लगेच कुकर लावायला आत गेली. वडील मात्र बराच वेळ बघत राहिले. त्यांचं नाक रुंद, बसकं, नाकपुड्या मोठ्या. माझंही तसंच होतं. लहानपणी कुणी नवा माणूस घरी आला की म्हणायचा, ही तर बापाची कार्बन कॉपी. वडिलांनी इतकंच विचारलं, "श्वास येतो का नीट?"

"येतो," मी म्हणाले.

येत नव्हता. आधी एक बाजू बंद होती. आता जोरात हवा ओढली की दोन्ही नाकपुड्या आत चिकटायच्या, ओल्या प्लास्टिकच्या पिशवीसारख्या. जिना चढले की थांबायचं. जेवताना घास चावायचा की श्वास घ्यायचा, एक काहीतरी.

परत गेले. "सूज आहे," म्हणाले. परत गेले. "सवय होईल. योगा करतेस का?" तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनी टेबलावरचा स्क्रीन माझ्याकडे फिरवला. त्यावर मी. केस मागे ओढलेले, डोळे दिव्याने दिपलेले, नाकावर निळ्या रेघा.

"हा आधीचा फोटो बघ. आणि मग तक्रार कर."

मी उठले. दारापाशी पोचले तर मागून आवाज आला, "रविवारी आमचा कार्यक्रम आहे. घरच्यांना घेऊन ये. दोन शब्द बोल. तुझ्या श्वासाचं बघू आपण त्यानंतर."

श्वासाचं बघू. तेवढ्या दोन शब्दांसाठी मी गेले.

सभागृह भरलेलं होतं. निवृत्त मंडळी, आयांबरोबर आलेल्या लग्नाच्या मुली, बाहेर कॉफी आणि साबुदाणा वडे. विषय होता सौंदर्य आणि आत्मविश्वास. वडील इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. आम्हाला तिसऱ्या रांगेत बसवलं. मुलीचा सत्कार वगैरे असेल, असं आईला वाटलं. तिने पर्समध्ये माझ्यासाठी गजरा आणला होता.

डॉक्टर बोलायला चांगले. लोकांना हसवत होते. मग दिवे मंद झाले आणि पडद्यावर मी आले. निळ्या रेघांसकट, भिंतीएवढी. खाली लिहिलेलं, 'आधी'.

मागे कुणीतरी "अरे बापरे" म्हणालं. थोडा हशा झाला.

डॉक्टर म्हणाले, "कामगार वस्तीतली मुलगी. हुशार. पण हा चेहरा घेऊन वाढली. काही समाजांमध्ये हे नाक पिढ्यान् पिढ्या चालत येतं. बिचाऱ्यांचा काय दोष? त्याला इलाज नव्हता. आता आहे."

मी पडद्याकडे बघत नव्हते. मी वडिलांकडे बघत होते. ते सरळ बसले होते, कारखान्यात साहेबापुढे बसत असतील तसे. मग त्यांनी खिशातून हळूच रुमाल काढला आणि नाकावर धरला. सर्दी झालेल्या माणसासारखा. तो रुमाल त्यांनी खाली घेतलाच नाही.

ज्या माणसाने कारखान्यात स्फोटाचा आवाज ऐकून पळत जाऊन सोबत्याला खांद्यावर बाहेर आणलं होतं, तो स्वतःचं नाक झाकून बसला होता. माझ्यामुळे. माझ्या फोटोमुळे.

पडद्यावर 'नंतर' आलं. टाळ्या झाल्या. डॉक्टरांनी माझं नाव पुकारलं. मी वर गेले. माईक हातात घेतला. घरून चार ओळी पाठ करून आले होते, धन्यवादाच्या.

मी म्हणाले, "नमस्कार. मी श्वासासाठी गेले होते. आतला पडदा वाकडा होता, तो सरळ करायला. बाहेरचं नको म्हणाले होते. श्वास सुधारला नाही. आधी एका बाजूने श्वास यायचा, आता दोन्ही बाजूंनी अडतो."

डॉक्टरांनी माईकवाल्याला खूण केली.

"हा फोटो सगळ्यांना दाखवू का, असं मला कुणी विचारलं नाही. आणि तिसऱ्या रांगेत माझे वडील बसलेत. त्यांचं नाक नीट बघून घ्या. ते आजारी नाही. त्याला इलाजाची गरज नाही."

माईक बंद झाला. हरकत नव्हती. मी भरल्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवते. धाप लागत होती, तरी पोचवला. "बाबा," मी म्हणाले, "रुमाल काढा."

डॉक्टर जवळ आले, लोकांकडे बघून हसत म्हणाले, "जरा इमोशनल झालीये ती." मग माझ्या कानाशी, "तू खाली ये आधी."

"मला तू म्हणू नका," मी म्हणाले.

इतकंच. त्याहून मोठं काही मी बोलले नाही. वडिलांनी रुमाल काढला. घडी घातली. उठले, आणि आम्ही तिघं मधल्या वाटेने बाहेर आलो. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक आजोबा मोठ्याने म्हणाले, "कार्यक्रमाचा विचका केला हो." त्यांचा वडा अजून हातातच होता.

गाड्या लावतात तिथे एक बाई धावत आमच्या मागे आली. भारी साडी, कानांवर केस ओढलेले. तिने केस बाजूला केले. कानामागे जाड, लालसर वण, दोरखंडासारखा. "माझंही त्यांनीच केलंय," ती म्हणाली. "मी आज पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते." तिने माझा नंबर घेतला.

घरी दोन दिवस वडील बोलले नाहीत. मला वाटलं, चारचौघांत त्यांचं नाक दाखवलं म्हणून रागावले. तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "तक्रार कुठे करायची असते?"

"वैद्यकीय परिषदेकडे."

"मग तोंडी कशाला बोलत बसायचं? लिहून द्यायचं. पोच घ्यायची." ते आयुष्यभर युनियनमध्ये होते. आम्ही दोघांनी बसून तक्रार लिहिली. आई मध्येच येऊन म्हणाली, "मुलीच्या लग्नाचं बघा आधी." वडील म्हणाले, "हे झाल्यावर."

त्या बाईनेही तक्रार करायचं कबूल केलं होतं. दोनदा फोनवर बोललो. मग तिचा निरोप आला. यजमान नको म्हणतात, त्यांच्या ओळखीतले आहेत, मला माफ करा. मी तिला दोष देत नाही. पण मला वाईट वाटलं, तेही लपवत नाही. तिला अहो म्हणणारे होते. तरीही तिला बोलता येईना.

मृणाल कॉलेजात स्टाफरूमच्या दारात भेटली. डबा नव्हता हातात. "ते म्हणतायत, फुकट दुरुस्ती करून देतील. फोटो काढून टाकतील. तू फक्त तक्रार मागे घे." मग ती हळू आवाजात म्हणाली, "आणि उगाच जातीवर कशाला नेलंस गं? ते तसे नाहीत. आमच्या घरी येतात ते."

"मी नेलं नाही. त्यांनी पडद्यावर लावलं. भिंतीएवढं."

"म्हणजे मीसुद्धा तशी, असंच ना?"

मी तिच्याकडे पाहिलं. खुर्चीत मार्कर लावलेला असताना ती हसली होती. तिला ते आठवतही नसेल. "त्या दिवशी तू का हसलीस, एवढं घरी जाऊन विचार कर," मी म्हणाले. तेव्हापासून आम्ही बोलत नाही. मला तिची आठवण येते.

मग मी दुसऱ्या एक डॉक्टरबाई शोधल्या. तारे बघून नाही. ज्यांनी त्यांच्याकडून श्वासाचं ऑपरेशन करून घेतलंय अशा तीन माणसांच्या घरी जाऊन, समोर बसून विचारलं. मग डॉक्टरांना विचारलं. ऑपरेशन स्वतः करणार की हाताखालचं कुणी? कुठे हात लावणार, कुठे लावणार नाही? बिघडलं तर काय करणार? माझा फोटो कुठे जाणार? त्या चिडल्या नाहीत. एकेक उत्तर दिलं. नळी घालून आत बघितलं आणि म्हणाल्या, "आधाराची कूर्चा, नाकातलं मऊ हाड, फार काढलीय हो यांनी. बरगडीचा तुकडा घेऊन नाक परत उभं करावं लागेल. श्वास सुधारेल. किती, ते मी आज सांगणार नाही. आणि तुमचं पहिलं नाक परत येणार नाही."

मी विचारलं, "लगेच करता येईल?"

"येईल. पण तुमची तक्रार चालू आहे. मी आत हात घातला, की त्यांचे वकील म्हणतील, बिघाड हिनेच केला. परिषदेच्या डॉक्टरांनी आधी तपासलेलं बरं. त्रास तुम्हाला होणार आहे, तेव्हा ठरवायचं तुम्ही."

मी ठरवलं.

परिषदेकडून पत्र यायचंय. किती महिने लागतील, कुणी सांगत नाही. निकाल माझ्या बाजूने लागेल, याची खात्री नाही. सह्या माझ्या आहेत. नाव त्यांचं मोठं आहे. रात्री जाग येते, घसा वाळलेला असतो, उठून पाणी पिते.

तरी तोवर या नाकाला मी कुणाला हात लावू देणार नाही. फुकट दुरुस्ती नको. दिलगिरी नको. मला त्यांनी समोर बसून सांगायला हवं, काय कापलं आणि कुणाला विचारून कापलं. परिषदेत बोलावतील तेव्हा मी जाणार. वडील येतील, नाही आले तरी जाणार. तोंडाने श्वास घेत, मध्ये मध्ये थांबत, पण पूर्ण सांगणार. कुणी म्हणालं आटपा, तर म्हणेन, मला वेळ लागतो. थांबावं लागेल तुम्हाला.