बांधावरच्या चिंचेतली माकडीण

निजामाच्या अमलाचं ते शेवटचं वर्ष. बेंबळीच्या आमच्या शेतात हरभरा घाट्यांवर आला होता आणि बांधावरच्या चिंचेत माकडांचा कळप राहायचा. ही काळ्या तोंडाची दांडगी वानरं नव्हेत. लहानखुरी, लालसर तोंडाची, डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस. खाली उतरायची, गालाच्या पिशव्या फुगेस्तोवर घाटे कोंबायची आणि वर जाऊन निवांत चावत बसायची. दिवस मावळला की शेंड्याकडच्या बारीक फांद्यांवर एकमेकांना बिलगून झोपायची. तिथवर बिबट्या पोचत नाही.

माझे मालक तेरखेड्याहून फटाके घेऊन आले. माकडं नुसती पळावीत, एवढंच त्यांच्या मनात होतं. फटाका वाजला, कळप उधळला आणि एका माकडिणीची उडी चुकली. खालच्या दगडांवर पडली ती उठलीच नाही. पिल्लू तिच्या पोटाला तसंच धरून होतं. आम्ही लांबच उभे राहिलो. थोड्या वेळानं दुसरी एक माकडीण उतरली. तिचंही पिल्लू तिच्या पोटाशी होतं. मेलेलीच्या अंगावरचे केस ती बराच वेळ बोटांनी चाळत बसली. मग ते पोरकं पिल्लू ओढून घेतलं आणि दोन्ही घेऊन वर गेली.

त्या दिवशी मालक जेवले नाहीत. मी आमच्या तान्हीला पाजत होते. दारातूनच ते म्हणाले, "तिला दोघांपुरतं दूध आसंल का गं?"

मी तान्हीला दुसऱ्या बाजूला घेतलं.

उरलेले फटाके त्यांनी पाण्यात भिजवून टाकले. चिंचेखालचा हरभरा काढलाच नाही. धाकटे दीर कुरकुरले, ते ऐकून घेतलं, पण कारण सांगितलं नाही. रोज झाडाखाली जाऊन वर बघायचे. पण ते दिसताच सारा कळप शेंड्याला जायचा.

उन्हाळ्यात रझाकारांची धामधूम वाढली, तसे आम्ही बार्शीकडं, निजामाच्या हद्दीबाहेर गेलो. पावसाळा सरताना परतलो. घराचं कुलूप काढायच्या आधी मालक चिंचेकडं वळले. पोरीला कडेवर घेऊन मीही मागं गेले. पिल्लं मोठी झाली होती, एकमेकांच्या शेपट्या ओढत होती. सगळी सारखीच. त्यातलं ते कोणतं, ते जगलं तरी होतं का, कसं कळणार? मी एकाकडं बोट केलं.

"अवो, ते बघा. तेच हाय."

ते त्याच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "माझ्यासाठी खोटं बोलू नगंस."

आवाजात राग नव्हता. खांद्यावरचं बोचकं सावरत ते घराकडं निघाले. खरंच तेच हाय, असं पुन्हा म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पोरीला सावरून मी त्यांच्या मागं निघाले.