बीटारावांचा न वाजणारा फोन

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत सोळा वर्षं काढलेल्या त्या मेकॅनिकचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. बाकी सगळे त्यांना बीटाराव म्हणत. फोनचं नवं सॉफ्टवेअर लोकांना मिळण्याआधी दोन-तीन महिने त्याचा एक अर्धाकच्चा नमुना निघतो, त्याला म्हणतात बीटा. ज्यांचं पोट ॲप बनवण्यावर चालतं, त्यांना आधी तपासून बघता यावं म्हणून तो असतो. बीटारावांचं पोट तारा, पुली आणि ग्रीसवर चालत होतं. तरी बीटा निघाला की पहिल्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, तो त्यांच्या फोनवर चढलेला असे.

कामात मात्र गडी एकदम उलटा. नवी तार आली की तिला आधी वजन टांगून बघायचे. साहेब एकदा कंटाळून म्हणाले होते, "अहो, कंपनीनं तपासूनच पाठवलीय ना?"

"लिफ्टमध्ये कंपनी बसत नाही, साहेब," बीटाराव शांतपणे म्हणाले होते.

फोनच्या बाबतीत ही अक्कल गहाण पडायची. एका बीटानं बॅटरी दुपारी बारालाच झोपवली. दुसऱ्यानं सगळे नंबर ठेवले, पण नावं पुसली. तेव्हा ते महिनाभर प्रत्येकाला "हां, बोला बोला" म्हणत आवाजावरून माणूस ओळखत होते. बायकोनं रागावणं केव्हाच सोडलं होतं. नवरा हसत घरात आला की ती एवढंच विचारायची, "या वेळी काय गेलं?"

"गेलं काय विचारतेस, आलं काय ते बघ," म्हणून ते तिच्या नाकासमोर फोन धरायचे.

या खेपेला आले होते काचेसारखे गोल आयकॉन आणि फोन कलता केला की हलणारं चित्र. ऑफिसात, चहाच्या टपरीवर, बंद पडलेल्या लिफ्टसमोर ताटकळलेल्या लोकांनासुद्धा त्यांनी ते दाखवलं. त्यानंतर दोन दिवस फोन फारसा वाजला नाही. बीटारावांनी त्याचं श्रेय स्वतःच्या ग्रीसला दिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या सासूबाई बाजारातून परत आल्या आणि आपल्या इमारतीत तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध लटकल्या. ती लिफ्ट जावयाच्याच देखरेखीखाली होती. आत पाटी होती, 'अडकल्यास या नंबरवर फोन करा', आणि नंबर जावयाच्याच अक्षरात होता. सासूबाईंनी फोन केला. मग पुन्हा केला. मग लेकीला केला. लेकीनं नवऱ्याला केला, ऑफिसला केला, ऑफिसनं बीटारावांना केला. बीटाराव त्या वेळी दोन गल्ल्या पलीकडे एका गच्चीवर होते. वॉचमनला हलणारं चित्र दाखवून, फोन खिशात टाकून ते मशीनला ग्रीस लावत होते.

शेवटी साहेब स्वतः गेले. वीस वर्षांत त्यांनी पेनापेक्षा जड काही उचललं नव्हतं. त्यांनी मशीनच्या खोलीत शिरून हातानं चाक फिरवलं आणि लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर उतरवली. दार उघडलं तेव्हा सासूबाई भाजीच्या पिशवीवर बसून शेंगा निवडत होत्या. एक तास दहा मिनिटं झाली होती.

संध्याकाळी बीटाराव घरी आले ते दारातूनच बोलत. "आज एकही कॉल नाही. सगळ्या लिफ्टा लोण्यासारख्या..."

समोर बायको, सासूबाई आणि साहेब चहा पीत बसले होते. साहेबांनी आपल्या फोनवरून त्यांचा नंबर लावला. बीटारावांच्या खिशात काहीच झालं नाही.

"याला म्हणतात काय?" सासूबाईंनी विचारलं.

"बीटा, आई. आम्ही आधी वापरायचं, चुका कळवायच्या. मग कंपनी सुधारते."

"म्हणजे प्रूफं." सासूबाईंनी कप खाली ठेवला. छापखान्यात तीस वर्षं त्यांनी प्रूफं तपासली होती. "मग तुम्ही काढलेल्या चुका दाखवा बघू."

चार वर्षांत बीटारावांनी कंपनीला तीन अभिप्राय पाठवले होते. पहिला 'छान'. दुसरा 'मस्त, पण बॅटरी'. तिसऱ्यात नुसता अंगठा होता.

सासूबाईंनी ते दोनदा वाचले. "जावईबापू, मी असं काम केलं असतं तर मला पहिल्याच दिवशी घरी पाठवलं असतं. तुम्ही तपासत नाही, मिरवता."

बीटारावांचे कान तापले. साहेबांसमोर तर ते फारच लागलं.

सासूबाईंनी चष्मा लावला आणि साहेबांना फोन लावत राहायला सांगितलं. फोन उताणा, पालथा, खिशात, टेबलावर. अकराव्या कॉलला त्यांना मेख सापडली. स्क्रीन झाकली गेली की फोन मुका होत होता, आलेल्या कॉलची नोंदही ठेवत नव्हता, आणि बीटाराव स्क्रीन छातीकडे करूनच तो खिशात ठेवत. कुठे, कधी, काय केल्यावर, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, असं सगळं त्यांनी ओळीनं लिहून, खाली आपलं नाव घालून पाठवलं. पंधरा दिवसांनी दुरुस्ती आली. सोबत कंपनीचं आभाराचं पत्र होतं, सासूबाईंच्या नावानं.

साहेबांनी ऑफिसातर्फे बीटारावांना बटणांचा फोन दिला. तो शेजारच्या इमारतीत ऐकू जाईल इतका मोठ्यानं वाजतो. बीटा आता सासूबाईंच्या जुन्या, सिम नसलेल्या फोनवर असतो. तो बंद पडला तरी कोणाचं काही अडत नाही. दर रविवारी बीटाराव त्यांच्याकडे जाऊन बसतात.

"आई, नवीन काय आलंय?"

"नवीन राहू द्या. जुन्या नऊ चुका आहेत अजून."

मागच्या रविवारी त्यांना स्वतःला एक चूक सापडली. गजराची वेळ बदलली की तारीखही बदलत होती. ते हरखून सांगायला गेले.

"किती वाजताचा गजर होता? आधी काय दाबलंत?" सासूबाईंनी मान वर न करता विचारलं.

बीटारावांना आठवेना. त्यांनी फोन घेतला, गजर पुसून टाकला आणि पहिल्यापासून एकेक बटण दाबत, तोंडानं पुटपुटत कागदावर लिहायला सुरुवात केली.