ढील

माझे बाबा पार्ल्यात गच्चीवर पतंग उडवत मोठे झाले, त्यामुळे भर समुद्रातही त्यांच्या तोंडी पतंगाचेच शब्द यायचे. मढहून आम्ही एका नाखव्याच्या होडीतून तांबोशी मासळी धरायला जायचो. किनारा धूसर झाला, पाण्याखाली खडक आला, की नाखवा इंजिन बंद करायचा. मग गळाला कोळंबी लावायची आणि शिसं न बांधता तो प्रवाहावर सोडून द्यायचा. आमिष आपसूक वाहत गेलं पाहिजे, कारण तांबोशी भारी संशयी. दोरी जरा ताठ झाली की तोंड फिरवते. मी मुळातच उतावळी. बोटाला काही जाणवलं रे जाणवलं की हिसका द्यायचे, आणि गळ रिकामा.

"ढील दे गं, ढील!" बाबा ओरडायचे.

नाखवा पहिल्यांदा पोट धरून हसला होता. "काका, मासा हाय तो, पतंग नाय!" पुढे तोही ढीलच म्हणायला लागला.

आता बाबांचे गुडघे गेलेत. हलत्या होडीत चढणं बंद, म्हणजे समुद्रच बंद. ते चिडचिड करत नाहीत, हेच मला सहन होत नाही. नुसतं म्हणतात, "एकदा तो झटका बोटांवर पाहिजे होता यार." या वयात यार! मला हसूही येतं.

गेल्या रविवारी मी एकटीच गेले. "बाबा नाय आयले?" नाखव्याने विचारलं आणि सवयीने त्यांची बसायची फळी पुसली. मी तिथे डबा ठेवला. दिवसभर ढील दिली, एकही तांबोशी फिरकली नाही. जेटीवर विकायला होत्या, पण विकतची घेऊन काय करायचं होतं?

घरी आले तर बाबा दारापाशीच खुर्ची टाकून बसलेले. मी रिकामी पिशवी दाखवली. "असू दे," म्हणाले, पण नजर माझ्या हातातल्या तंगुसावर, त्या गळाच्या नायलॉन दोरीवर. मला काय सुचलं कोण जाणे. मी गळ कापून टाकला, रीळ त्यांच्या हातात दिलं आणि दोरीचं टोक घेऊन स्वयंपाकघरात गेले. ओट्यापाशी उभी राहून हळूच ओढली. थांबले. पुन्हा जराशी ओढली.

बाहेर खुर्ची करकरली आणि दोरी सैल झाली. मी मागच्या खोलीत सरकले, ती आणखी सैल झाली. पलंगाला वळसा घालून खिडकीपर्यंत पोचले, तरी बाबा सोडतच होते.

"बाबा, ओढा की आता!"

"गप गं, मासे बोलत नाहीत." त्यांचा आवाज कितीतरी दिवसांनी होडीतल्यासारखा आला. मग म्हणाले, "ओढलं की संपलं. अजून थोडी जाऊ दे."

पुढे जायला जागा नव्हती. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि दोरी हळूच आणखी एकदा ओढली.