रिहर्सलचा नवरदेव

आता कसं सांगू तुम्हाला, पण मी एकदा मित्राच्या होणाऱ्या बायकोशी लग्न करून बसलो होतो. हसू नका. माझी स्वतःची बायको तिथेच उभी होती आणि तिने आमच्यावर फुलंही टाकली.

२००५ सालची गोष्ट. वैशाली आणि मी अमेरिकेत, पिस्कॅटवेला राहत होतो. प्रशांत माझा नागपूरचा कॉलेजातला मित्र, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला रेडमंडला नोकरीला. त्याचं लग्न ठरलं आमच्याच कॉम्प्लेक्समधल्या स्नेहलशी. दोघंही आमच्यासारखे बौद्ध, लग्न आपल्या पद्धतीनेच हवं होतं. पण विहारातले श्रीलंकेचे भंते म्हणाले, "आशीर्वादाला येईन. लग्न लावणं भिक्खूचं काम नाही." आणि सरकारी कागदावर लग्न लावणाऱ्याची सही तर हवीच.

"यार, इंटरनेटवर ऑर्डिनेशन मिळतं, लग्न लावायचा अधिकार," प्रशांतचा फोन आला. "नाव टाक, धर्म निवड, क्लिक कर. तूच लाव ना आमचं लग्न."

कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत मी रेव्हरंड झालो होतो. सर्टिफिकेट ऑफिसच्या प्रिंटरवर काढलं, रंगीत.

आता माझं एक जुनं दुखणं सांगायला हवं. आपल्या लग्नात नवऱ्याला पाच प्रतिज्ञा घ्याव्या लागतात. बायकोचा सन्मान करीन, अपमान करणार नाही, आणि तिसरी, व्यभिचार करणार नाही. माझ्या लग्नात मी नेमका तिसरीवर अडकलो होतो. अख्खा मंडप हसला. तेव्हापासून मी त्या पाचही ओळी घोटून ठेवल्या होत्या.

स्नेहल म्हणाली, इथे सगळे आदल्या दिवशी रिहर्सल करतात, आपणही करू. दुपारी क्लबहाउसमध्ये जमलो. प्रशांत मात्र बर्फामुळे शिकागोच्या विमानतळावर अडकलेला.

"काही हरकत नाही," मी म्हणालो. "त्याच्या जागी मीच उभा राहतो. मला दोन्हीकडचं पाठ आहे."

झालं. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या लावल्या. त्रिशरण, पंचशील मीच दिलं आणि मीच घेतलं. मग स्नेहलकडे वळून पाचही प्रतिज्ञा खडाखडा म्हटल्या. तिनेही तिच्या पाच म्हटल्या. सवयीने सगळ्यांनी "साधु, साधु, साधु" म्हणत फुलं टाकली.

स्नेहलची आई, म्हणजे काकू, लग्नासाठी नागपूरहून आल्या होत्या. त्या मटकन खुर्चीत बसल्या.

"काकू, काय झालं?"

"लग्न झालं," त्या म्हणाल्या.

"अहो, ही रिहर्सल आहे."

"ते काय असतं मला नाही माहीत बाबा. आपल्यात मुहूर्त नाही, होम नाही, फेरे नाहीत. आहे ती फक्त प्रतिज्ञा. ती तर तू घेतली. लावणारा कोण? तू. नवरा कोण? तूच. आता उद्या प्रशांतला काय सांगू मी?"

मी हसायला गेलो आणि थांबलो. कारण त्यात चुकीचं काय होतं? लग्नाचं लायसन्स आलेलं, साक्षीदार हजर, आणि रेव्हरंड तर अगदी अधिकृत. दोन बायका म्हणजे या देशात गुन्हा. व्हिसा गेला, नोकरी गेली, प्रशांत तर जीवच घेईल. स्नेहल माझ्यापासून चार पावलं लांब सरकली. वैशाली खाली पडलेली फुलं एकेक करून वेचत होती, ते सगळ्यात वाईट होतं.

पार्किंग लॉटमध्ये जाऊन भंतेंना फोन लावला. बोबडी वळलेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "प्रतिज्ञा म्हणताना तुझ्या मनात काय होतं?"

"भंते, खरं सांगू? पुढची ओळ आठवतेय की नाही, एवढंच."

ते खळखळून हसले. "मग नुसतं तोंड हललं. लग्न नाही झालं. मनात असतं तेच कर्म."

मी धावत आत आलो आणि सगळ्यांना मोठ्याने सांगितलं, मनात नव्हतं म्हणजे लग्न नाही, मनात फक्त पुढची ओळ होती. काकूंनी डोळे पुसले. स्नेहलने सुटकेचा निःश्वास टाकला.

"असं का?" वैशाली म्हणाली. "आणि आपल्या लग्नात तुझ्या मनात काय होतं?"

मी मूर्तीपुढच्या मेणबत्त्या सरळ करायला वळलो. कारण तेव्हाही पुढची ओळच होती, आणि हे मीच तिला लग्नाच्या दर वाढदिवसाला हसत हसत सांगत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी प्रशांत पोचला, त्याचं लग्न मी लावलं, सहीही केली. सगळे जेवायला वळले तशी वैशाली माझा हात धरून मला पुन्हा मूर्तीपुढे घेऊन गेली. तिच्या पर्समधून एक कागद निघाला. रंगीत. सकाळी माझी अंघोळ होईपर्यंत तीही रेव्हरंड झाली होती.

"म्हण," ती म्हणाली. "आणि मनापासून."

प्रशांत, स्नेहल, काकू, सगळे ताटं घेऊन परत आले. मी पहिली प्रतिज्ञा म्हटली. दुसरी म्हटली. अगदी मनापासून.

आणि तिसरीवर अडकलो.