नळावरचं भांडण

के. आर. पुरमच्या रेल्वे फाटकापलीकडच्या वस्तीत सोयराबाई मोहिते बालवाडी चालवत. बालवाडी म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली. मुलांना गाणी त्या कन्नडमधून शिकवत आणि रागवत मात्र मराठीत. मोहित्यांना बेंगळुरात येऊन इतक्या पिढ्या झाल्या होत्या, की मूळ गाव कोणतं हे घरात कुणालाच धड सांगता येत नसे. नवरा लवकर गेला, पदरी मूल नाही. सगळी वस्ती त्यांना अक्का म्हणे. वहिनी म्हणणारा एकच, धाकटा दीर शंभूराज.

स्वभाव मुलखाचा काळजीखोर. एखाद्या पोराला यायला उशीर झाला की बाई दारात. पोर आलं की त्याला ताप तर नाही ना म्हणून कपाळाला हात. विमला ही त्यांची शेजारीण थट्टा करायची, "अक्का, तुमच्या काळजीवर अख्ख्या गल्लीचा स्वयंपाक होईल."

शहाण्णव सालच्या सुरुवातीला बालवाडी चालवणाऱ्या संस्थेचे हयवदन सर एक बातमी घेऊन आले. फिलिपिन्सहून एक बाई येणार होत्या. तिकडच्या सेबू शहरात त्यांची अशीच एक वस्ती होती. दोन्ही वस्त्यांनी एकमेकींकडून शिकायचं, असा बेत होता.

"म्हणजे काय काय नाही ते सांगायचं ना?" सोयराबाईंनी विचारलं. त्यांना याची सवय होती. संडास नाही, गटार नाही, दिवा नाही. पाहुणे मान हलवायचे, लिहून घ्यायचे आणि निघून जायचे.

"नाही अक्का, या वेळी उलटं," हयवदन म्हणाले. "तुमच्याकडे काय आहे, ते सांगायचं. तुम्ही सगळ्यांनी मिळून केलेली सगळ्यात चांगली गोष्ट कोणती? तिच्यातून तुमचं बळ कशात आहे ते कळतं. पुढचं काम त्या बळावर उभं करायचं."

ती गोष्ट कोणती, हे सोयराबाईंना त्या क्षणी ठाऊक होतं. वस्तीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. आणि ती सांगण्यासारखी नव्हती.

एक्क्याण्णवच्या डिसेंबरात कावेरीच्या पाण्यावरून शहरात गलाटा, म्हणजे दंगल, उसळला होता. तमिळ माणसांची घरं-दुकानं पेटत होती. वस्तीच्या मागच्या बाजूला काही तमिळ कुटुंबं राहायची. त्यातलीच एक सेल्वी, पदरात तान्हं मूल. भरदुपारी सोयराबाईंनी त्या सगळ्यांना बालवाडीत घेतलं, बाहेरून कुलूप लावलं आणि काहीच सुचेना म्हणून घागर घेऊन नळावर जाऊन उभ्या राहिल्या. इतक्यात फाटकाकडून जमाव येताना दिसला. हातात काठ्या, रॉकेलचे डबे.

तेव्हा विमलानं काय करावं? सोयराबाईंची घागर हिसकावली आणि बोंब ठोकली, "माझा नंबर होता!" सोयराबाई क्षणभर खरंच चिडल्या. मग उमगलं. त्यांनीही आवाज चढवला. हां हां म्हणता गल्लीतल्या साऱ्या बायका घागरी, बादल्या घेऊन बाहेर पडल्या आणि भांडण असं पेटलं की गल्लीत पाऊल ठेवायला जागा उरली नाही. एकीनं दुसरीच्या झिंज्या धरल्या. पाणी उडालं, घागरी गडगडल्या. "बाजूला व्हा!" म्हणून माणसं ओरडत राहिली, पण बायकांना ऐकू येईल तर ना. शेवटी जमाव कंटाळून दुसरीकडून गेला.

पण जाता जाता सोयराबाईंना जमावात एक चेहरा दिसला. शंभूराजचा. हातात काठी. त्यांनीही वहिनींकडे पाहिलं.

त्यानंतर या विषयावर दोघं एक अक्षर बोलले नाहीत. शंभूराज सणावाराला जेवायला यायचे, सोयराबाई वाढायच्या, आणि वाढताना दरवेळी मनात यायचं, ते भांडण खोटं होतं, हे यांना माहीत आहे की नाही? आता तर ते वस्तीचे पुढारी झाले होते. त्यांच्याशिवाय बैठक व्हायची नाही. वरून यंदा कावेरीचं नाव पुन्हा पेपरात येऊ लागलं होतं. चहाच्या टपरीवर माणसं दबक्या आवाजात बोलायची आणि सेल्वी तिथून जाताना गप्प व्हायची.

सोयराबाईंनी विमलाला बजावलं, "देवळाच्या उत्सवाचं सांगू. तेवढंच." सेल्वीकडेही गेल्या. सेल्वीनं ऐकून घेतलं, "सरी अक्का", बरं, एवढंच म्हणाली. पण नजरेला नजर दिली नाही.

रविवारी सकाळी बालवाडीत बैठक भरली. पाहुण्या बाईंचं नाव लुर्देस. ठेंगण्या, हसऱ्या, पन्नाशीच्या. सेल्वीच्या एका मावशीचं नाव लूर्दम्मा, त्यामुळे वस्तीनं त्यांना लागलीच लूर्दम्मा करून टाकलं. शंभूराज पुढच्या खुर्चीवर, खांद्यावर टॉवेल. लुर्देसनी आपल्या वस्तीची गोष्ट सांगितली. वादळात घरं उडाली तेव्हा जिच्याशी कुणी बोलत नव्हतं, त्या बाईच्याच पक्क्या घरात सगळे शिरले होते. हयवदन वाक्यावाक्याला कन्नड करत होते. मग लुर्देसनी टेपरेकॉर्डर मध्ये ठेवला आणि विचारलं, "आता तुमची गोष्ट?"

विमलानं घसा खाकरून उत्सवाचं सांगायला सुरुवात केली, रथ, प्रसाद, मिरवणूक. तिचं तिलाच ते खरं वाटेना. मध्येच ती थांबली.

आणि सेल्वी उभी राहिली.

सोयराबाईंनी तिच्याकडे वळून पाहिलं. आता हिला थांबवावं, की काय करावं? शंभूराजकडे पाहायचं धाडस होईना. पण तोंडातून शब्द निघाले ते वेगळेच. "आधी तो टेप बंद करा."

हयवदन गोंधळले. लुर्देसना भाषा कळली नव्हती, पण सोयराबाईंचा चेहरा कळला. त्यांनी स्वतः बटण दाबलं.

सेल्वीनं सगळं सांगितलं. पत्र्याच्या खोलीतला अंधार, बाहेरची बोंबाबोंब, तान्ह्याच्या तोंडावर दाबून धरलेला हात. "बाहेर भांडण चाललं होतं, आणि मला वाटत होतं, संपू नये, संपू नये," ती म्हणाली. कोण जमावात होतं, हे बायकांकडून तिच्या कानावर आलेलं होतं, पण ते तिनं सांगितलं नाही. काही बायका रडत होत्या. शंभूराज टॉवेलाचं टोक पिळत खाली बघत बसले होते. ती बसल्यावर ते उठले आणि निघून गेले.

पुढचे दिवस सोयराबाईंचे फार वाईट गेले. शंभूराजच्या फटफटीचा आवाज आला की दचकायच्या. मुलं घरी गेली तरी सेल्वीच्या दारावरून एक चक्कर टाकल्याशिवाय राहवत नसे. हयवदनना त्या तोडून बोलल्या, "तुमचं बळ शोधणं झालं. आता त्याचं ओझं कोण वाहणार?"

एका दुपारी शंभूराज आले. चपला न काढता उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"वहिनी, त्या दिवशी मी आतलं रडणं ऐकलं होतं."

सोयराबाई दाराशी आल्या.

"मीच म्हटलं बाकीच्यांना, इथं बायकांचा गलाटा आहे, मागच्या रस्त्यानं जाऊ."

खरं की खोटं? सोयराबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. "मग रविवारी का नाही सांगितलंत, भावजी?"

"मागच्या रस्त्यानं गेलो तिकडं एक दुकान जाळलं. तेही सांगायला नको?" ते म्हणाले. "अर्धंच कसं सांगू?"

सोयराबाई दारातून बाजूला झाल्या. म्हणाल्या, "आत या. बसा."

ते आत आले, मुलांच्या चटईवर बसले. चहा झाला.

सोयराबाईंनी हे सेल्वीला सांगितलं. तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "पुढच्या बैठकीला त्यांना बोलवा. मी समोर बसेन. बोलेन असं नाही."

ते आले. दाराजवळ बसले. त्या बैठकीत बायकांनी पुन्हा गलाटा झाला तर काय, हे ठरवायला घेतलं. कुणाच्या घराला मागचं दार आहे, कुणाचा भाऊ पोलिसात आहे, कुणाचा आवाज फाटकापर्यंत पोचतो. लुर्देस अजून मुक्कामाला होत्या; वादळाची खबर घरोघरी कशी पोचवतात, ते त्यांनी दाखवलं. भांडणाचं नाटक शिकायला मात्र त्या विमलाजवळ बसल्या. फाटकावर नजर ठेवायचं काम शंभूराजनी मागून घेतलं. द्यावं की नाही, यावर बायकांत बरीच कुजबुज झाली. शेवटी दिलं, पण सोबत विमलाच्या नवऱ्याला ठेवून.

त्या वर्षी वस्तीवर कुणी आलं नाही. कावेरीवरून शहर बंद होतं त्या दिवशी सोयराबाईंच्या घशाखाली घास उतरला नाही, एवढंच.

वर्षअखेरीला सेबूहून नळावरच्या भांडणाची गोष्ट सांगायला बोलावणं आलं. सोयराबाईंनी साफ नकार दिला, विमानाच्या नुसत्या नावानं त्यांना घाम फुटला. सेल्वी गेली. ती परत येईपर्यंत सोयराबाई रेडिओवर कुठल्या विमानाची वाईट बातमी तर नाही ना, म्हणून कान लावून बसायच्या. सेल्वी आली तेव्हा त्यांनी प्रवासाचं विचारलं नाही, जेवणाचं विचारलं नाही. पहिला प्रश्न केला, "भावजींचं नाव घेतलंस?"

"नाही अक्का."

"आणि माझं?"

"तुमचंही नाही. तुम्हाला झोप लागली नसती."

सोयराबाईंनी सुस्कारा टाकला. लगेच पुन्हा धास्तावल्या. "आणि विमलाचं?"

"तिचं घेतलं," सेल्वी हसून म्हणाली. "तिनंच बजावलं होतं, विसरू नको म्हणून."